मदतपुस्तिका संगणकातच असली पाहिजे

शासकीय कार्यालयांतील संगणकांच्या कळफलकावर रोमन अक्षरांबरोबर मराठी देवनागरी अक्षरेही छापलेली असली पाहिजेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५मध्ये काढला. आदल्या वर्षी मंजूर झालेल्या मराठी भाषा धोरणाशी तो सुसंगत होता आणि तो योग्यच होता. त्याच कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीत, डावीकडे, एफ-वन नावाची एक कळ असते. अडलेल्या माणसाने ती दाबावी आणि समोरच्या कामाची माहिती पडद्यावर यावी, एवढ्यासाठीच ती आहे. ही कळ दाबल्यावर तालुक्याच्या कार्यालयातील लिपिकाला, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिकेला प्रत्यक्षात काय दिसते, याचा विचार मात्र आपल्या सार्वजनिक चर्चेत आढळत नाही. बहुतेक वेळा एक ब्राउझर उघडतो, पांढरे पान बराच वेळ फिरत राहते आणि शेवटी जोडणी नसल्याचा संदेश येतो. जोडणी असली, तर येणारे पान इंग्रजीत असते आणि पुष्कळदा भलत्याच आवृत्तीचे असते.

माझे म्हणणे असे आहे की, मदतपुस्तिका हा सॉफ्टवेअरचा अविभाज्य भाग आहे. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक संगणकावर ती पूर्ण, त्या संगणकावरील आवृत्तीशी जुळणारी आणि इंटरनेटशिवाय उघडणारी अशी बसवून मिळाली पाहिजे. ज्याला हौस आहे त्याने स्वतः शोधून ती बसवावी, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण ज्याला मदतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती कोठून आणावी हे ठाऊक नसते.

ही अपेक्षा नवी नाही. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेली युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१मधली आहे. पुढे ‘मॅन’ ही आज्ञा देताच तीच पाने पडद्यावर वाचता येऊ लागली आणि आजही लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर अशी पाने त्याच आज्ञेने वाचता येतात. त्या पहिल्या पुस्तिकेतच प्रत्येक आज्ञेच्या माहितीखाली तिच्यातील ज्ञात दोष सांगणारा एक विभाग होता. आपण केलेल्या वस्तूत काय चुकते हे वापरणाऱ्याला लेखी सांगणे कर्त्यांना कर्तव्य वाटत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. घरगुती आणि कार्यालयीन संगणकांच्या पिढीनेही हाच रिवाज पाळला. लोटस १-२-३ या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये एफ-वन दाबले की मदत मिळे, वर्डपरफेक्ट या लेखनाच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी एफ-थ्री दाबावे लागे आणि १९८७ साली आयबीएमने आपल्या प्रणालींसाठी जे समान संकेत जाहीर केले त्यांत मदतीसाठी एफ-वन निश्चित झाली. १९९०च्या विंडोज ३.०बरोबर मदतीची स्वतंत्र सोयच आली, ज्यात विषयांची सूची, शोध आणि एका विषयातून दुसऱ्या विषयात नेणारे दुवे होते. हे सारे फ्लॉपीच्या काळात, मोजक्या जागेत बसवलेले होते. जागेची खरी टंचाई असतानाही मदतीला जागा मिळत होती, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग ही मदत संगणकातून बाहेर का गेली? त्याची कारणे नीट पाहिली पाहिजेत, कारण त्यांतील काही प्रामाणिक आहेत. विंडोजमध्ये १९९७च्या सुमारास जुन्या पद्धतीची जागा ‘सीएचएम’ या नव्या प्रकारच्या फायलींनी घेतली. त्या फायली आतून वेबपानांसारख्याच असल्यामुळे त्यांच्यामार्फत घातक आज्ञा चालवणे शक्य झाले आणि २००५ साली मायक्रोसॉफ्टला सुरक्षा-दुरुस्ती काढून नेटवर्कवरून अशा फायली उघडण्यावर निर्बंध घालावे लागले. त्याआधीच्या पद्धतीच्या फायली वाचणारा प्रोग्राम विंडोज व्हिस्टाबरोबर येईनासा झाला. परिणामी अनेक जुन्या सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका डिस्कवर असूनही उघडेना. दुसरे कारण असे की, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या वर्षातून अनेकदा निघू लागल्या आणि प्रत्येक वेळी सर्व भाषांतील मदत तयार करून ती बरोबर देणे कंपन्यांना महाग वाटू लागले. संकेतस्थळावर एकच प्रत ठेवली की ती केव्हाही सुधारता येते, हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. ऑफिस २०१३मध्ये मदतीच्या खिडकीत ‘संगणकावरील मदत’ आणि ‘ऑनलाइन मदत’ यांतून निवड करता येत असे. पुढे ती निवड गेली. विंडोज १०मध्ये फाइल एक्स्प्लोरर उघडून एफ-वन दाबले, तर कंपनीचा ब्राउझर उघडून कंपनीच्याच शोधयंत्रात एक प्रश्न आपोआप लिहिला जातो. म्हणजे पुस्तिका नाहीशी होऊन तिच्या जागी शोध आला आणि शोधाच्या निकालांतून खरे उत्तर निवडण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येऊन पडली.

या बदलात ज्याचे नुकसान झाले त्याला विचारणारे कोणी नव्हते. धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातील गावे, मेळघाट, भामरागड या भागांत मोबाइलची रेंज ही आजही जागा पाहून मिळणारी गोष्ट आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ साली आखली गेली आणि पुढे ती भारतनेट नावाने ओळखली जाऊ लागली, पण ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत केबल येणे आणि टेबलावरच्या संगणकावर कामाच्या वेळेत नेट चालू असणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर कर्मचारी स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट लावून भरून काढतात. कार्यालयाच्या कामासाठी लागणारी माहिती कर्मचाऱ्याने स्वतःच्या रिचार्जवर शोधायची, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल तक्रारही होत नाही.

ज्या ठिकाणी नेट एरवी उत्तम असते तेथेही ते नेहमी असेलच असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांतील कित्येक गावांत वीज आणि मोबाइल सेवा अनेक दिवस बंद होती. वीज नसताना संगणकही चालत नाही हे खरे, परंतु जनित्रावर एखादा संगणक लवकर सुरू करता येतो, तुटलेली केबल तितक्या लवकर जोडली जात नाही, आणि नुकसानीच्या याद्या व तक्ते करण्याचे काम नेमके त्याच दिवसांत असते. जून २०२३मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बीडमध्ये तणावामुळे इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. अशी सेवा तात्पुरती बंद करण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले आणि २०२४ साली नव्या दूरसंचार कायद्याखाली ते पुन्हा केले. म्हणजे नेट बंद असण्याची शक्यता शासनाने स्वतःच नियमांत गृहीत धरलेली आहे. जे शासन आदेशाने नेट बंद करू शकते, त्याने आपल्या कार्यालयांना आणि शाळांना नेटशिवाय काम करता येईल अशी तजवीज करायला नको काय?

तरीही नेट नसणे हा माझ्या दृष्टीने या प्रश्नाचा गाभा नाही. उद्या प्रत्येक पाड्यावर वेगवान नेट पोहोचले, तरी मदत संगणकातच असावी असे मी म्हणेन, आणि त्याचे कारण आवृत्ती हे आहे. कार्यालयांतील आणि शाळांतील संगणक जुने असतात, त्यांवरील सॉफ्टवेअरही जुने असते, आणि अनेकदा ते तसे असण्याला सबळ कारण असते, कारण एखादा प्रिंटर, एखादा टंक (फाँट) किंवा वेतनाचा एखादा जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालत नाही. संकेतस्थळावरील माहिती मात्र बहुधा नव्यात नव्या आवृत्तीची असते. मेल मर्ज करून, म्हणजे एकाच पत्रात यादीतील नावे आपोआप भरून, पालकसभेच्या दोनशे नोटिसा काढू पाहणाऱ्या शिक्षकाला नव्या आवृत्तीतील बटणाचे नाव सांगितले आणि ते बटण त्याच्या पडद्यावर नसले, तर तो सॉफ्टवेअरला दोष देत नाही, स्वतःला देतो. ‘मला संगणक जमत नाही’ हे वाक्य मी शिक्षकांना संगणक शिकवताना असंख्य वेळा ऐकले आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे माणसाची कुवत नसून चुकीच्या आवृत्तीची सूचना होती. संगणकावर बसवलेली मदतपुस्तिका त्याच संगणकावरील आवृत्तीबरोबर आलेली असते, म्हणून तिच्यातील बटण आणि पडद्यावरील बटण एकच असते. हा गुण संकेतस्थळावरच्या, सतत बदलत जाणाऱ्या पानाला आपोआप लाभत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण तपशिलाने पाहू, कारण यात अडचण किती लहान आहे आणि ती न सोडवल्याची किंमत किती मोठी आहे, हे त्यातून दिसते. लिब्रेऑफिस हा पत्रे, तक्ते आणि सादरीकरणे करण्याचा मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारा, संच आहे. २०१० साली तो ओपनऑफिसपासून वेगळा झाला आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था त्याची देखभाल करते. तो विनामूल्य असल्याने शाळांना आणि लहान कार्यालयांना परवडतो. विंडोजसाठी त्याचा मुख्य इन्स्टॉलर साडेतीनशे एमबीच्या आसपास असतो. त्याच पानावर, मुख्य दुव्याच्या खाली, ‘ऑफलाइन वापरासाठी मदत’ असा दुसरा लहान दुवा असतो आणि त्यामागील गठ्ठा जेमतेम काही एमबीचा असतो. बहुतेक लोक मोठा दुवा दाबून पुढे जातात. मग एफ-वन दाबल्यावर मदत या संगणकावर बसवलेली नसल्याचा संदेश येतो आणि ती ऑनलाइन वाचण्याचा पर्याय पुढे केला जातो. नेट नसेल तर तो पर्याय निरुपयोगी ठरतो.

ही उणीव भरून काढायला शाळेतील एका माणसाला अर्धा दिवसही लागत नाही. मुख्य संच आणि मदतीचा गठ्ठा दोन्ही एकाच वेळी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावेत, दोघांचा आवृत्तिक्रमांक अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत एकच असल्याची खात्री करावी, आधी मुख्य संच बसवावा आणि मग मदत. भाषेचीही काळजी घ्यावी लागते, कारण प्रत्येक भाषेच्या मदतीचा गठ्ठा वेगळा असतो आणि संचाची भाषा एक व मदतीची दुसरी असेल तर मदत बसवूनही ती सापडेलच असे नाही. पुढे कधी मुख्य संच नव्या आवृत्तीचा बसवला, तर मदतही त्याच वेळी नवी बसवावी लागते. ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. २०१८पासूनच्या आवृत्त्यांत ही मदत साध्या वेबपानांच्या स्वरूपात असते आणि नेहमीच्या ब्राउझरमध्येच उघडते, त्यामुळे ती वाचण्यासाठी वेगळा प्रोग्राम लागत नाही. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकावर तर त्यांच्या सॉफ्टवेअरच्या भांडारातून मदतीचे पॅकेज एका आज्ञेने बसवता येते. नेटची केबल काढून, एफ-वन दाबून, शोधाच्या चौकटीत एखादा नेहमीचा विषय लिहून पाहिला की काम झाले की नाही ते लगेच कळते. पुरवठादाराकडून वीस संगणक ताब्यात घेताना कोणी अशी तपासणी केली आहे, असे माझ्या पाहण्यात नाही. संगणक सुरू होतो, छपाई होते, पावतीवर सही होते.

हाच प्रकार इतरत्रही आहे आणि चांगली उदाहरणेही आहेत. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे सर्व दस्तऐवज त्यांच्या संकेतस्थळावरून एका गठ्ठ्यात उतरवून घेता येतात, आणि विंडोजवरील इन्स्टॉलरमध्ये दस्तऐवज बसवण्याचा पर्यायही असतो. ओपनबीएसडी ही प्रणाली तयार करणारे लोक तर माहितीच्या पानातील चूक ही प्रोग्राममधील चुकीइतकीच गंभीर मानतात आणि प्रणाली बसवली की तिची सर्व पाने आपोआप बसतात. दृष्टिहीन व्यक्तींसाठी असलेल्या एनव्हीडीए या पडदावाचक प्रोग्रामचे मार्गदर्शक पुस्तकही त्याच्याबरोबरच संगणकावर बसते. याचे महत्त्व डोळस माणसाच्या सहज ध्यानात येत नाही. पडदावाचक नीट बोलेनासा झाला, तर दृष्टिहीन व्यक्तीला शेजारच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहून उपाय शोधता येत नाही. मदत त्याच संगणकात, त्याच क्षणी, आवाजाने वाचता येईल अशा मजकुरात असावी लागते. आंतरराष्ट्रीय महाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धेत जगभरातील हुशार विद्यार्थी भाग घेतात. तेथे इंटरनेट बंद असते, पण प्रोग्रामिंगच्या भाषांचे अधिकृत दस्तऐवज स्पर्धकांच्या संगणकावर ठेवलेले असतात. जगातील उत्तम प्रोग्रामरांनाही पुस्तिका लागते हे जर मान्य आहे, तर ती आपल्या लिपिकाला लागू नये असे मानण्याचे कारण काय?

यावर एक उत्तर हमखास दिले जाते की आता लोक यूट्यूबवर पाहून शिकतात, पुस्तिका कोण वाचतो? मराठीत एक्सेल, टंकलेखन, शालार्थ ही शिक्षकांच्या वेतनाची प्रणाली यांविषयी मेहनतीने व्हिडिओ करणारे शिक्षक आहेत आणि त्यांनी केलेले काम मोठे आहे. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण व्हिडिओ हे शिकण्याचे साधन आहे, संदर्भ पाहण्याचे नव्हे. ज्याला मेल मर्ज येते पण फक्त तारखेचे स्वरूप कसे बदलावे एवढेच आठवत नाही, त्याला बारा मिनिटांच्या व्हिडिओतील ती एक जागा शोधावी लागते. ज्याला उभ्या पानांच्या मधूनच एक आडवे पान हवे आहे त्याला त्या क्षणी चार ओळी हव्या असतात. शिवाय व्हिडिओतील आवृत्ती कोणती, तो कधी केला, त्यात सांगितलेले आज खरे आहे काय, हे पाहणाऱ्याला कळत नाही. व्हिडिओवर पूर्ण विसंबून राहणारा माणूस पायऱ्या पाठ करतो, आणि एक पायरी बदलली की तेथेच थांबतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादी सहायकांविषयीही हेच म्हणता येईल, आणि थोडे अधिक कठोरपणे म्हटले पाहिजे. ते मराठीत प्रश्न समजून घेतात व मराठीत उत्तर देतात, ही फार मोठी सोय आहे, यात शंका नाही. पण त्यांना बहुधा नेट लागते, समोरच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि अस्तित्वात नसलेल्या पर्यायाचे नाव ते खऱ्या पर्यायाइतक्याच ठामपणे सांगू शकतात. अनुभवी माणूस ते ओळखतो, नवखा ओळखू शकत नाही. उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठी एक प्रमाण मजकूर लागतोच, आणि तो मजकूर म्हणजे कर्त्यांनी लिहिलेली मदतपुस्तिका. पुढेमागे संगणकावरच चालणारे लहान सहायक सर्रास वापरात आले, तरी त्यांनी उत्तरे कोणत्या मजकुराच्या आधारे द्यायची, हा प्रश्न उरतोच. तो मजकूर मराठीत असेल तरच मराठीतले उत्तर भरवशाचे होईल.

येथे आपण भाषेपाशी येतो, आणि येथली स्थिती खेदजनक आहे. डेबियनच्या भांडारात लिब्रेऑफिसचे मेनू आणि संदेश मराठीत दाखवणारे पॅकेज आहे. लिब्रेऑफिसच्या मदतीचे हिंदी पॅकेजही तेथे आहे. मराठी मदतीचे पॅकेज मात्र नाही. ज्या राज्यात पुण्याला १९८८ साली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली, भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे एवढे मोठे काम ज्या संस्थेने केले, ज्या राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४चा आहे, त्या राज्यात एका मुक्त कार्यालयीन संचाची मदतपुस्तिका राज्याच्या भाषेत नाही. काही लाख शब्दांचा हा मजकूर आहे. त्याच्या भाषांतरासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, कारण तो मुक्त परवान्याखाली आहे आणि भाषांतराचे काम सर्वांसाठी खुल्या असलेल्या व्यवस्थेवर चालते. आजवर स्वयंसेवकांनी मराठीसाठी जे केले ते स्वतःचा वेळ देऊन केले. मेनूची भाषांतरे झाली ती त्यांच्यामुळेच, पण लाखो शब्दांची पुस्तिका केवळ हौसेवर पूर्ण होईल अशी अपेक्षा ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. हे पगारी काम आहे. भाषा संचालनालय, राज्य मराठी विकास संस्था, विद्यापीठांचे मराठी आणि संगणकशास्त्र विभाग यांनी मिळून ते हाती घेतले, तर दोन-तीन वर्षांत ते होण्यासारखे आहे.

ते करताना सारेच एकदम करण्याचा हट्ट नको. पत्रे आणि तक्ते यांचा भाग आधी घ्यावा, कारण बहुतेक कार्यालयांची बहुतेक गरज तेवढ्यात भागते. दुसरे, मराठीत काम करणारे कित्येक लोक सॉफ्टवेअरचे मेनू मात्र इंग्रजीतच ठेवतात, कारण ते तसेच शिकलेले असतात. त्यांच्यासाठी पुस्तिकेतील स्पष्टीकरण मराठीत आणि बटणांची नावे पडद्यावर दिसतात तशी, अशी प्रतही मिळाली पाहिजे; नाही तर वाचणारा पुस्तिकेतील मराठी नाव पडद्यावरील इंग्रजी नावाशी जुळवत बसेल. तिसरी गोष्ट शोधाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे रूप बदलते, म्हणून ‘तक्ता’ शोधणाऱ्याला ‘तक्त्यात’ आणि ‘तक्त्याचे’ असलेली पाने सापडली पाहिजेत. शिवाय ‘दुसऱ्या’सारखा शब्द युनिकोड या अक्षरसंकेतात दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकलेला आढळतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, यंत्राला दोन निराळे शब्द वाटतात, आणि शोध रिकाम्या हाताने परत येतो. पुस्तिकेबरोबर दिलेल्या शोधसूचीत ही काळजी घेतलेली नसेल, तर उत्तम भाषांतरही कपाटात बंद राहील.

शासनाच्या स्वतःच्या ऑनलाइन प्रणालींचे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. शालार्थ, आपले सरकार, अंगणवाडीतील नोंदींचे पोषण ट्रॅकर या प्रणालींचे बहुतेक काम नेटशिवाय होतच नाही, मग त्यांची मदत नेटशिवाय मिळून उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो रोजचा आहे. सर्व्हर बंद असलेल्या दिवशी कोणती कागदपत्रे लागतील, छायाचित्राचा आकार किती हवा, कोणत्या रकान्यात काय भरायचे, चूक झाली तर ती दुरुस्त कोण करू शकतो, एवढे वाचून तयारी करता येते आणि सर्व्हर सुरू झाल्यावर काम लवकर उरकते. २०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत फोनच्या निकृष्टतेबरोबर ॲपच्या इंग्रजी भाषेचाही समावेश होता. ज्यांच्याकडून दररोज माहिती भरून घ्यायची, त्यांच्या हाती त्यांच्या भाषेतील, नेटशिवाय उघडणारी पुस्तिका ठेवणे हे शासनाने आपल्याच कामासाठी करायला हवे.

खर्चाचा मुद्दा काढला जाईल, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आज शेकडो गिगाबाइटच्या डिस्क असलेल्या संगणकावर मदतीला जागा नाही, हे कारण टिकत नाही. सुरक्षेचे कारणही आता तितकेसे उरलेले नाही, कारण साधी वेबपाने ब्राउझरच्या संरक्षणात उघडतात. एकाच प्रतीत सतत सुधारणा करण्याची सोय हा ऑनलाइन मदतीचा खरा फायदा आहे आणि तो सोडून द्या असे कोणी म्हणत नाही. संगणकावर एक प्रत राहावी आणि नेट असेल तेव्हा ती अद्ययावत व्हावी, इतकेच मागणे आहे. विकिपीडियासारखा अवाढव्य मजकूर किविक्स या प्रोग्रामच्या साहाय्याने एका फाइलमध्ये बांधून नेटशिवाय वाचता येतो, आणि मराठी विकिपीडियाही तसा वाचता येतो. शाळेतील एका संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या लहानशा, स्वस्त संगणकावर असा मजकूर ठेवून वर्गातील सर्व संगणकांना स्थानिक जोडणीतून तो दाखवता येतो. मदतपुस्तिकाही त्याच जागी ठेवता येतील आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हने बदलता येतील.

हे घडवून आणण्याची किल्ली खरेदीच्या अटींत आहे. शासन हे राज्यातील संगणकांचे आणि सॉफ्टवेअरचे फार मोठे गिऱ्हाईक आहे, आणि मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली की पुरवठादार ती पाळतो. कळफलकावर मराठी अक्षरे छापण्याबाबत हाच मार्ग घेतला गेला. निविदेत एवढे लिहिले पाहिजे की प्रत्येक सॉफ्टवेअरची संपूर्ण मदतपुस्तिका त्याच आवृत्तीची असेल, संगणकावर बसवलेली असेल, मराठीत असेल किंवा ठरावीक मुदतीत मराठीत दिली जाईल, तिच्या प्रती काढण्याची, छापण्याची व प्रशिक्षणात वापरण्याची मुभा असेल, आणि नव्या आवृत्तीबरोबर नवी पुस्तिका येईल. माल ताब्यात घेताना नेटची केबल काढून एफ-वन दाबून पाहण्याची नोंद तपासणीच्या नमुन्यात असावी आणि ती नोंद झाल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केलेले आहे. त्या धोरणाखाली घेतलेल्या सॉफ्टवेअरबाबत तर ही अट पाळणे सर्वांत सोपे आहे, कारण तेथे पुस्तिकेचे भाषांतर करायला किंवा ती वाटायला कंपनीच्या मर्जीची गरज नसते.

संगणक शिकवणाऱ्या संस्थांचाही यात वाटा आहे. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून दोन दशकांहून अधिक काळ मराठी माणसांच्या मोठ्या समुदायाने संगणक हाताळायला सुरुवात केली, हे मोठे काम आहे. त्या परंपरेत आता मदतपुस्तिका वाचायला शिकवण्याची भर पडली पाहिजे. सूचीतून विषय कसा शोधावा, पायऱ्या क्रमाने कशा करून पाहाव्यात, आपल्या संगणकावरील आवृत्ती कशी ओळखावी, ‘संबंधित विषय’ कशासाठी असतात, हे शिकलेला विद्यार्थी अभ्यासक्रमात नसलेले कामही स्वतः करू शकतो. प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर शिकवलेले नाही, नेट बंद आहे, आणि संगणकावरील मराठी मदतपुस्तिका उघडून ते काम पूर्ण करायचे आहे. असा प्रश्न विचारायचा तर आधी ती पुस्तिका प्रत्येक केंद्रावरील प्रत्येक संगणकावर असावी लागेल, आणि परीक्षा घेणाऱ्यांना ती मागावी लागेल.